खंडोबाच्या वाटेचे दगड

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'शाळेचे ऋण'. ऋण म्हटलं की आपण लगेच खिशात हात घालतो. मागच्या मेळाव्यात आपण पाण्याची टाकी दिली, त्याआधी पंखे दिले. ते चांगलंच झालं. पण आज मी ज्या ऋणाबद्दल बोलणार आहे ते थोडं वेगळं आहे. ते आपण उचललं तेव्हा आपल्याला कळलंही नव्हतं. आणि ते माझ्या एकट्याच्या नावावर नाही, १९९० च्या दहावीच्या अख्ख्या वर्गाच्या नावावर आहे. तेव्हा हसायचं असेल तर जपून हसा.

शाळेच्या मागच्या भिंतीपाशी हापसा आहे. तिथून फाटकातून बाहेर पडलं की खंडोबाच्या टेकडीची वाट लागते. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे पुस्तकात छापून येणार आहे आणि तुमची मुलं वाचतील, म्हणून सांगतो. आधी बाभळी, मग बोरीची झुडपं, मग उतारावर सीताफळं, मध्ये चार-दोन पळस, आणि वर देवळापाशी एक म्हातारा आपटा. देवळाच्या पलीकडे माळ आणि माळाच्या टोकाला तांडा. तांड्यावरची मुलं याच वाटेनं शाळेत यायची, अजूनही येतात. विज्ञानाचे सर दर पावसाळ्यात एकदा आणि थंडीत एकदा आपल्याला या वाटेनं वर न्यायचे. ते त्याला 'निसर्गवाट' म्हणायचे. आपण त्याला 'तास बुडाला' म्हणायचो. मारवेल गवत कोणतं आणि कुसळी कोणती, हे मला त्या वाटेवर कळलं. कुसळी कोणती हे तर चड्डीतून टोचल्यामुळेच कळलं.

आता कबुली. त्या वाटेला दोन वळणं होती, लांबट. आपल्याला घाई असायची. पहिल्या वळणापासून सरळ खाली, सीताफळांमधून घसरत आलं की दुसरं वळण वाचायचं आणि घंटेआधी पोहोचता यायचं. पाच वर्षं रोज दोन-तीनशे पावलं त्या आडवाटेनं गेली. आपल्या आधीच्या वर्गाचीही गेली असतील. पण मोठी चूक ती नव्हती.

दहावीच्या निरोपसमारंभाला आपण मुलांनी खिचडी केली होती, आठवतं? चुली मांडायला दगड हवे होते. त्या वाटेवर, दर पंधरा-वीस पावलांवर, चांगल्या घडवलेल्या सपाट दगडांच्या तिरप्या ओळी होत्या. अर्धे जमिनीत पुरलेले. आपण पहार घेऊन गेलो आणि वरच्या वळणापर्यंतच्या ओळींमधले दगड उपटून आणले. चुलींना, मग बसायला, मग क्रिकेटच्या स्टंपांना. ते दगड तिथे कशासाठी आहेत, असं आपल्यापैकी एकानंही विचारलं नाही. मीही नाही. पहार माझ्या हातात होती.

त्यानंतर मी गाव सोडलं. अंबाजोगाईला बारावी, मग औरंगाबाद, मग पुणे. पुण्यात हिशेबनिसाचं काम करतो. गावाला येणं दिवाळीला आणि कुणी गेलं तर. टेकडी लांबून दिसायची, वर जायचं कारण उरलं नव्हतं.

२०१६ चा उन्हाळा तुम्ही विसरला नसाल. त्या वर्षी मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, ती बातमी देशभर गाजली. आपल्याकडे टँकरच्या मागे घागरी पळत होत्या. आणि त्याच उन्हाळ्यात पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली. राज्यातले फक्त तीन तालुके त्यात होते: अमरावतीतला वरुड, साताऱ्यातला कोरेगाव आणि आपला अंबाजोगाई. पंचेचाळीस दिवस गावानं श्रमदान करायचं, पाणी अडवायची कामं करायची, त्याचे गुण. आपल्या गावातून काही जण प्रशिक्षणाला गेले, त्यांत बायकाही होत्या. ते परत आले तेव्हा गावात नवे शब्द घेऊन आले: सलग समतल चर, अनघड दगडी बांध, आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारा, 'माथा ते पायथा'. काम डोंगराच्या माथ्यापासून सुरू करायचं आणि पायथ्याशी संपवायचं, कारण पाणी तसंच येतं.

मी तीन दिवसांची रजा काढून आलो. पहाटे साडेपाचला टिकाव-फावडं घेऊन माणसं टेकडीवर. मी पहिल्या दिवशी दीड तास खणलं, तळहाताला फोड आले, फोटो काढला, आपल्या ग्रुपवर टाकला. तुम्ही सगळ्यांनी अंगठे दिलेत. धन्यवाद. त्या दिवशी उतरताना मी हौसेनं म्हटलं, आपल्या जुन्या वाटेनं जाऊ. माझ्याबरोबरच्या पोरानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, ती वाट कुठंय आता? ती घळ झालीय."

खरंच घळ झाली होती. जिथून आपण घसरायचो तिथे माझ्या छातीइतका खोल ओघळ होता. मूळ वाटही अर्धी त्यात गेली होती. सीताफळाच्या मुळ्या बाहेर लोंबत होत्या. तळाशी मुरूमही नव्हता, उघडा काळा खडक. तांड्यावरच्या मुली पावसाळ्यात शाळेला येत नाहीत, हे मला त्या पोरानंच सांगितलं. घळीतून पाणी वाहत असलं की लहान लेकरू ओलांडू शकत नाही, आणि डांबरी रस्त्यानं आलं तर चांगली मोठी चक्कर पडते.

इथे थोडं विज्ञान, सर पहिल्या रांगेत बसले आहेत म्हणून भीत भीत. आपला बालाघाट म्हणजे काळा बेसाल्ट, त्यावर मुरूम, त्यावर मातीचा पातळ थर. अशी एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. ती धरून ठेवतं गवत. रोज पाय पडले की आधी गवत मरतं, मग माती दाबून घट्ट होते, पाणी जिरेनासं होतं. आणि आपला पाऊस काही कोकणासारखा चार महिने निवांत पडत नाही. वर्षाचा पाऊस थोड्या सरींत कोसळतो. ते पाणी सगळ्यात सोपा रस्ता शोधतं, आणि तो आपण तयार करून ठेवलेला असतो, सरळ, गुळगुळीत, उताराच्या दिशेनं. सर, तुम्ही नववीत एकदा सांगितलं होतं, की वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते चौसष्टपट वजनाचा दगड ढकलू शकतं. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्या घळीत उभं राहिल्यावर मला ते समजलं. म्हणजे पाण्याला थांबवायची गरज नसते, त्याला फक्त धावू द्यायचं नसतं. दर पंधरा-वीस पावलांवर त्याला वाटेतून बाजूला काढून दिलं की ते वेग घेत नाही. त्या तिरप्या ओळी त्यासाठी होत्या.

त्या वर्षी स्पर्धेत वाटेचं काम झालं नाही. गुण चरांना आणि बांधांना होते, वाटेला नव्हते. मुलांनी वाट धरली ती पुढच्या उन्हाळ्यात, २०१७ ला. शेजारच्या धारूर तालुक्यातल्या जायभायवाडीनं त्या वर्षी वॉटर कपमध्ये राज्यात दुसरा नंबर काढला, आणि त्या उन्हाळ्यात सगळीकडेच पोरांच्या अंगात वारं शिरलं होतं. आपल्या गावची पंधरा-सोळा जणांची टोळी होती. निम्म्या मुली. बहुतेक कॉलेजात जाणारी किंवा जाऊन सोडलेली. पुढाकार अंगणवाडीताईंच्या मुलीचा. डोंगराची ती बाजू गायरानात येते, त्यामुळे ग्रामपंचायतीचा ठराव घेतला आणि काम सुरू.

आता आपल्या वर्गाचं कर्तृत्व ऐका. हे कळल्यावर मी ग्रुपवर लिहिलं, की मुलं राबतायत, आपण काही करू. दोन दिवसांत चांगली रक्कम गोळा झाली. आपल्यातल्याच एका ठेकेदार मित्रानं नकाशा काढला: सिमेंटच्या पायऱ्या, कडेला रेलिंग, आणि दर दहाव्या पायरीवर देणगीदारांचं नाव. वर देवळापाशी कमान. मला स्वतःला ती कल्पना फार आवडली होती, माझं नाव कितव्या पायरीवर असावं याचाही मी विचार केला होता. मी मुद्दाम गावी जाऊन मुलांपुढे नकाशा उघडला.

ती मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, सिमेंटच्या पायऱ्यांवरून पाणी कुठं जाणार?"

मी म्हटलं, खाली जाईल.

"म्हणजे अजून जोरात जाणार. आणि कडेनं माती कोरणार. चार वर्षांनी पायऱ्या हवेत लोंबतील." मग तिनं विचारलं, "तुम्ही किती दिवस आहात?"

मी म्हटलं, उद्या सकाळी निघतोय. तिनं नकाशाची गुंडाळी करून माझ्या हातात दिली. ती उद्धट नव्हती. पण मला राग आला होता, हे कबूल करतो. परतीच्या गाडीत चौसाळ्यापर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो. जमा झालेले पैसे आपण मग शाळेच्या ग्रंथालयाला दिले, तो हिशेब तुम्हाला माहीत आहे.

तिचं म्हणणं बरोबर होतं, पण तिलाही सगळं ठाऊक नव्हतं. त्या मे महिन्यात मुलांनी काय केलं, तर ट्रॅक्टरनं मुरूम आणून घळ भरून काढली. वरून सपाट केली, कडेला चुना टाकला. वाट अशी सुंदर दिसायला लागली, की लोक संध्याकाळी फिरायला जायला लागले. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानं एका रात्रीत सगळा मुरूम उचलला आणि शाळेच्या मैदानावर आणून पसरला. मैदान सपाट करायला शाळेला वेगळं श्रमदान करावं लागलं. गावात काय हशा झाला असेल, तुम्हाला कल्पना आहेच. पारावर म्हणे एक वाक्य चाललं होतं, पोरांनी डोंगर उतरवला.

यानंतर टोळी निम्मी झाली. काम बहुधा तिथेच थांबलं असतं. पण वाटेच्या तोंडाशी राहणाऱ्या एक आजी (तुम्ही सगळे त्यांच्या दारातल्या चिंचा चोरून खात होतात, नाव सांगत नाही) एक दिवस मुलांना म्हणाल्या, "हितं आडव्या वळी व्हत्या की. आमीच बसविल्या व्हत्या. त्या कुणी काढल्या?"

हे मला फोनवर सांगितलं गेलं तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होतो. मी काही बोललो नाही. पुढच्या शनिवारी गाडी काढून आलो आणि आजींच्या ओसरीवर जाऊन सांगितलं, आम्ही काढल्या. आजी बराच वेळ माझ्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "खिचडी तरी चांगली झाली व्हती का?"

त्यांनी सांगितलं ते असं. बहात्तरचा दुष्काळ. रोजगार हमीचा कायदा नंतर झाला, १९७७ साली. बहात्तरला जी निघाली ती दुष्काळी कामं. खडी फोडायची, नालाबांध घालायचे, रस्त्यांवर माती टाकायची. वाटपाला सुकडी, आणि रेशनला लाल मिलो. आजींचं नुकतंच लग्न झालेलं, अंगावर लेकरू. गावातल्या बायका-पुरुषांनी त्या उन्हाळ्यात टेकडीची वाट बांधली. मुकादम एक म्हातारा वडार होता. त्यानं दगड कसा बसवायचा ते शिकवलं. दगडाचे तीन भाग धरायचे, दोन जमिनीत, एक वर. दगड दगडाला भिडला पाहिजे, मध्ये बोट शिरता कामा नये. ओळ वाटेला काटकोनात घालायची नाही, तिरपी घालायची, आणि तिचं खालचं टोक वाटेच्या बाहेर हातभर काढायचं. तिथे पाणी पडेल त्या जागी लहान दगड पसरायचे, नाहीतर तिथेच नवा खड्डा पडतो. आजींना हे पंचेचाळीस वर्षांनी जसंच्या तसं आठवत होतं. आपल्याला पाच वर्षांत कुणी सांगितलं नाही, असं मी म्हणणार होतो. पण विचारलं तरी कुठे होतं?

मग काम पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी माथ्यापासून. आधी माळावर चर, म्हणजे वाटेवर येणारं पाणीच कमी. चराची पातळी बघायला वॉटर कपच्या वेळचा हायड्रोमार्कर होता, पाण्याची नळी लावलेल्या दोन काठ्या. मग घळीत दगडी बांध, एकाखाली एक. त्यातली युक्ती सांगतो: खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत आला पाहिजे, आणि प्रत्येक बांध मधोमध थोडा खोलगट ठेवायचा, म्हणजे पाणी कडा न कोरता मधून सांडतं. घळ भरायची नाही. तिला स्वतःच्याच गाळानं भरू द्यायची. मुलांना हे पटायला वेळ लागला, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. फोटोत नुसते दगडांचे ढीग दिसतात. सगळ्यात शेवटी वाटेवरच्या तिरप्या ओळी. आजी खुर्ची टाकून बसायच्या आणि दगड हलला की काठीनं दाखवायच्या.

आडवाट बंद करणं हे त्याहून अवघड निघालं. आधी बाभळीच्या काट्या टाकल्या. दोन दिवसांत त्या बाजूला झाल्या. पाटी लावली, पाटीवर शाळेतल्या कुणीतरी बदाम काढला. मग त्या मुलीनं एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत वहीत नोंद केली, आडवाटेनं कोण जातं. डोक्यावर मोळी किंवा हंडा असलेली एकही बाई आडवाटेनं गेली नव्हती. शेळ्या गेल्या आणि विद्यार्थी गेले. मग शेळीवाल्यांशी बसून बोलणं झालं. त्यांचा मुद्दा सरळ होता, सगळीकडे चराईबंदी केली तर आम्ही शेळ्या काय आभाळात चारायच्या? हिवरे बाजारनं चराईबंदी करून दाखवली हे खरं, पण तिथे सगळ्या गावानं मिळून ठरवलं होतं. आपल्याकडे तडजोड झाली: टेकडीची दक्षिण बाजू शेळ्यांना, वाटेची बाजू दोन वर्षं बंद. विद्यार्थ्यांसाठी मात्र पहिल्या वळणाला दगडाच्या सात पायऱ्या करून वळणच आखूड केलं. घाई असलेल्या पोराला लांबची वाट चालायला लावता येत नाही, हे त्या मुलीला आपल्यापेक्षा लवकर कळलं. आडवाटेवर सीताफळाच्या बिया टोचल्या आणि मारवेल लावलं. आता तिथे आडवाट होती हे दाखवूनही दिसत नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत बीडजवळ पालवणला, सह्याद्री देवराईत वृक्षसंमेलन झालं. सयाजी शिंदे आणि त्यांच्या सोबत्यांनी उघड्या डोंगरावर जे काम उभं केलं, ते बघायला आपली टोळी जीपनं गेली होती. येताना रोपं घेऊन आली. त्यातली किती जगली हे मी विचारलं तर मुलं विषय बदलतात. पण उन्हाळ्यात वाळक्या गवताला आग लागते म्हणून वाटेच्या दोन्ही कडांचं गवत मार्चआधी कापून ठेवायचं, हे ती तेव्हापासून नेमानं करतात. देवराईतही पुढे वणव्यानं नुकसान झालं, त्यामुळे ही भीती पोकळ नाही.

आता खरी अडचण, ज्यासाठी मी उभा राहिलो.

२०२१ चा सप्टेंबर आठवा. महिनाअखेरीस असा पाऊस झाला की मांजराचे दरवाजे उघडले, नदीकाठची शेतं खरडून गेली. मी पुण्यातून फोन केला, वाट आहे का? उत्तर आलं, "वाट आहे, दुसरं वळण गेलं." मला वाटलं, एवढ्या पावसात एकच वळण जाणं म्हणजे मोठंच यश. पण वळण का गेलं हे नंतर कळलं. वरच्या तीन ओळींची तोंडं पाचोळ्यानं आणि गाळानं बुजली होती. पाणी बाहेर जायच्या जागी वाटेतच राहिलं, आणि तीन ओळींचं पाणी एकत्र होऊन वळणावर आदळलं. आदल्या वर्षी पाऊस संपल्यावर ती तोंडं साफ करायला हवी होती. सकाळचं दोन तासांचं काम, फावडं आणि घमेलं. ते केलं गेलं नव्हतं.

का नव्हतं? कारण पाऊस संपतो ऑक्टोबरात. आणि दसरा झाला की आपल्या गावातलं निम्मं गाव ऊसतोडीला जातं. त्या पंधरा-सोळा जणांपैकी नऊ जण कोयत्यावरच्या घरातले आहेत. काहींचं आता लग्न झालंय, म्हणजे नवरा-बायको मिळून त्यांचाच एक कोयता. कुणी कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली असते, वाटेसाठी थांबतो म्हणता येत नाही. ते परत येतात अक्षय्य तृतीयेच्या आसपास, आणि तेव्हा पुन्हा टिकाव घेऊन टेकडीवर जातात. सहा महिने दुसऱ्याचा ऊस तोडून आलेली माणसं घरी आल्यावर आपल्या शाळेची वाट दुरुस्त करतात. याचं कौतुक करायचं की लाज वाटून घ्यायची, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण त्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते करता येत नाही, हे पक्कं आहे. अंगणवाडीताईंची मुलगीसुद्धा आता नर्सिंगच्या नोकरीला बाहेर असते. तेव्हा त्या दिवसांत गावात कोण असतं? जरा आठवा. दिवाळीला गाड्या कुणाच्या लागलेल्या असतात? पुणे, मुंबई, संभाजीनगर, नाशिकच्या पासिंगच्या? आपण असतो. चार-पाच दिवस असतो, फराळ करतो, पारावर बसतो, तिसऱ्या दिवशी कंटाळतो.

गेल्या तीन दिवाळींना मी आणि आपल्यातले आणखी चौघे भाऊबीजेच्या सकाळी वर जातो. एकूण सत्तावीस ओळी आहेत. पाच माणसांना दोन सकाळी लागतात आणि कंबर तिसऱ्या दिवशीही दुखते. पंधरा माणसं आली तर एका सकाळीत होतं. गेल्या दोन पावसाळ्यांत तांड्यावरची मुलं एकही दिवस वाटेमुळे घरी राहिली नाहीत, हे मुख्याध्यापकांनी मघाशी मला सांगितलं. मी खात्री करून घेण्यासाठी हजेरीपट बघायला मागितला, हिशेबनीस ना. त्यांनी दाखवला.

त्या मुलीनं मला नंतर एकदा विचारलं होतं, "काका, आता किती दिवस आहात?" मी म्हटलं, दोन दिवस. ती म्हणाली, "चालतंय."

मेळाव्याच्या कार्यक्रमपत्रिकेत उद्या सकाळी नऊला नाश्ता आहे. त्याआधी सहा वाजता मी हापशापाशी असेन. घरून फावडं आणायची गरज नाही, शाळेत बारा आहेत. चपला नको, बूट घाला, कुसळी अजून तीच आहे. आणि एक राहिलं. दुसऱ्या वळणाला नवीन ओळ घालायची आहे, तिला दगड कमी पडतायत. हापशामागे, शेवग्याखाली, आपल्या निरोपाच्या चुलींचे दगड अजून पडून आहेत. एक बाजू काळी झालेले. काल मी मोजले, अकरा आहेत. एका दगडाला दोन माणसं लागतील.